विद्यापीठाची वेबसाइट फोनवर नीट चालावी, यासाठी नेमकं काय करावं लागतं?

निकाल लागल्याचा मेसेज कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि पुढच्याच मिनिटाला शेकडो विद्यार्थी फोनवर विद्यापीठाची वेबसाइट उघडतात. आधी पदवीदान समारंभाचा मोठा फोटो येतो. तो सरकून इमारतीचा येतो. वर मुंगीएवढ्या अक्षरांत मेन्यूची ओळ असते. दोन बोटांनी पान मोठं करून 'परीक्षा' शोधायचं, त्यावर टेकवायला जावं तर शेजारचं 'परिषदा' उघडतं. मागे यावं तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं.

निकालाचं एक वेळ ठीक आहे. उशिरा का होईना, कळतो. परीक्षेच्या फॉर्मचं तसं नसतं. शेवटच्या दिवशी फॉर्म भरताना ओटीपी बघायला मेसेज उघडला आणि परत आल्यावर फॉर्म कोरा झाला, तर नुकसान खरं असतं. विलंब शुल्क बसतं किंवा त्या सत्राची परीक्षाच हुकते. मग तालुक्याच्या गावी नेट कॅफेत जायचं, तिथल्या माणसाला पैसे द्यायचे, आणि अनेकदा स्वतःचा पासवर्डसुद्धा.

हे चित्र कुठल्या एका विद्यापीठाचं नाही. महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेकांना त्यात आपलं काहीतरी सापडेल. मग प्रश्न असा की विद्यापीठाची वेबसाइट फोनवर नीट चालणं इतकं अवघड का असतं? आणि चांगली मोबाइल वेबसाइट करायची तर काम सुरू कुठून होतं?

फोनचा एवढा आग्रह कशासाठी?

कारण अनेक विद्यार्थ्यांकडे दुसरं काही नसतंच. 'प्रथम' संस्थेच्या 'असर 2023' अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातल्या मुलामुलींची पाहणी होती. जवळपास 90 टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता. घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असलेले मात्र साधारण 9 टक्केच. हीच मुलं पुढे एक-दोन वर्षांत कॉलेजात येतात.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण 19.8 टक्के होतं. म्हणजे बऱ्याच मुली वडिलांच्या किंवा भावाच्या फोनवर काम उरकतात. फोन हातात येतो तोच थोड्या वेळासाठी. त्या वेळात वेबसाइट उघडली नाही, तर 'नंतर बघू' म्हणण्याची सोय त्यांना नसते.

त्यामुळे विद्यापीठाच्या मोबाइल वेबसाइटला 'आणखी एक सुविधा' म्हणून चालत नाही. ज्याच्याकडे फक्त फोन आहे, त्याच्यासाठी तीच विद्यापीठाची खिडकी असते.

सुरुवात कुठे झाली?

या विषयात एमआयटीचं नाव नेहमी निघतं. पुण्यातली नव्हे, अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. ॲपलचा आयफोन बाजारात आला जून 2007 मध्ये. 2008 मध्ये एमआयटीने फोनसाठी खास वेबसाइट सुरू केली. त्या कामाचं नेतृत्व अँड्र्यू यू यांच्याकडे होतं.

तेव्हा बहुतेकांच्या हातात बटणांचे फोन होते. काहींकडे ब्लॅकबेरी, थोड्यांकडे आयफोन. एमआयटीच्या टीमने यावर एक उपाय काढला. फोनवरून वेबसाइट उघडली की सर्व्हर आधी ओळखायचा, हा कोणत्या प्रकारचा फोन आहे. मग त्या प्रकाराला साजेसं पान पाठवायचा. टचस्क्रीनवाल्याला मोठी चित्रबटणं, साध्या फोनला फक्त मजकूर आणि क्रमांक दिलेल्या लिंक. माहिती तीच, ताट वेगळं.

त्यापेक्षा महत्त्वाचं होतं ते त्या वेबसाइटवर काय ठेवलं हे. संस्थेचा इतिहास, ध्येयधोरणं, संचालकांचा संदेश, यातलं काही पुढे नव्हतं. होतं ते असं: कॅम्पसचा नकाशा, शटल बसचं वेळापत्रक, माणसांचे फोन नंबर आणि ईमेल, कार्यक्रमांचं कॅलेंडर, कोर्सची माहिती, आपत्कालीन सूचना आणि कॅम्पसवरची कोणती यंत्रणा सध्या बंद पडली आहे याची खबर. एमआयटीत इमारती नावापेक्षा क्रमांकाने ओळखल्या जातात. 10-250 म्हणजे 10 नंबरच्या इमारतीतली 250 नंबरची खोली. नव्या विद्यार्थ्याला लेक्चर सुरू व्हायला पाच मिनिटं असताना हवा असतो तो नकाशाच.

पुढे एमआयटीने या वेबसाइटचा कोड इतरांनाही वापरता यावा म्हणून खुला केला.

त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये दुसरा रस्ता धरला गेला. तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या कंपनीने 'आयस्टॅनफर्ड' नावाचं आयफोन ॲप बनवलं. 2009 मध्ये ब्लॅकबोर्ड या शिक्षण-तंत्रज्ञान कंपनीने ती कंपनीच विकत घेतली. वेबसाइट करावी की ॲप, हा वाद तेव्हापासूनचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

पहिल्या पानावर कोणाचं काय असावं?

2010 मध्ये रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या लोकप्रिय वेबकॉमिकमध्ये एक व्यंगचित्र आलं. एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळं. एकात विद्यापीठाच्या पहिल्या पानावर काय असतं ते: फोटोंची सरकती माळ, प्रसिद्धिपत्रकं, अध्यक्षांचं पत्र. दुसऱ्यात लोक तिथे काय शोधायला येतात ते: शैक्षणिक कॅलेंडर, अर्ज, प्राध्यापकांचे फोन नंबर, पार्किंगची माहिती, वापरता येईल असा नकाशा. दोन्ही वर्तुळांत सामाईक गोष्ट एकच, संस्थेचं पूर्ण नाव.

चित्र अमेरिकेतलं असलं तरी ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडतं. कारणही समजण्यासारखं आहे. पहिलं पान म्हणजे संस्थेचा दर्शनी भाग. प्रत्येक विभागाला तिथे जागा हवी असते. शिवाय आपल्याकडे 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी स्वयंअध्ययन अहवालासारखी कागदपत्रं वेबसाइटवर ठेवावी लागतात. त्यामुळे वेबसाइट बनवताना डोळ्यांसमोर असतात तपासायला येणारे पाहुणे, रोज वापरणारे विद्यार्थी नाहीत.

लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर हा गोंधळ खपून जातो. एका नजरेत चाळीस लिंक मावतात. फोनवर मावतात पाच-सहा. म्हणून मोबाइल वेबसाइटचं पहिलं काम डिझाइनचं नसतं, निवडीचं असतं. पाच-सहा जागा कोणाला द्यायच्या?

हे बैठकीत हात वर करून ठरवलं तर पुन्हा प्रत्येक विभाग आपली जागा मागणार. त्यापेक्षा खात्रीचे पुरावे विद्यापीठाकडे आधीच असतात. लोकांनी वेबसाइटच्या शोधपट्टीत काय टाइप केलं, याची नोंद सर्व्हरवर असते. कोणती पानं जास्त उघडली गेली, तेही कळतं. चौकशी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला विचारलं तर तो न बघता दहा प्रश्न सांगेल: फॉर्मची शेवटची तारीख कोणती, हॉल तिकीट कधी मिळणार, पुनर्मूल्यांकन कसं करायचं, मायग्रेशन सर्टिफिकेटला किती दिवस लागतात. या तीन याद्या शेजारी ठेवल्या की पहिलं पान जवळपास तयार होतं.

वेगळी मोबाइल साइट, एकच साइट की ॲप?

यासाठी तीन रस्ते आहेत.

पहिला, एमआयटीने 2008 मध्ये धरला तो. फोनसाठी स्वतंत्र वेबसाइट आणि तिचा पत्ता बहुधा 'एम डॉट' ने सुरू होणारा. तेव्हा तो योग्य होता. पण त्यात एक कायमची डोकेदुखी आहे. दोन वेबसाइट म्हणजे दोन ठिकाणी बदल. परीक्षेची तारीख मोठ्या साइटवर बदलली आणि मोबाइल साइटवर राहून गेली, तर विद्यार्थी चुकीच्या दिवशी येणार.

दुसरा रस्ता मे 2010 मध्ये ईथन मार्कोट यांच्या एका लेखाने दाखवला. त्याचं नाव 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन'. वेबसाइट एकच ठेवायची, पण तिची मांडणी पाण्यासारखी, ज्या भांड्यात जाईल त्याचा आकार घेणारी. रकाने मापात नव्हे तर प्रमाणात आखायचे, चित्रं रकान्यासोबत लहानमोठी व्हायला हवीत, आणि पडद्याची रुंदी ठरावीक मर्यादेखाली गेली की मांडणीच बदलायची. लॅपटॉपवर शेजारी-शेजारी असलेले तीन रकाने फोनवर एकाखाली एक येतात. आज बहुतेक नव्या वेबसाइट याच पद्धतीने बनतात.

गुगलनेही या दिशेने रेटा दिला. आधी फोनवर दिसणारं पान वाचायचं आणि त्यावरून शोधात क्रम ठरवायचा, हे धोरण गुगलने 2016 मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत जवळपास सगळ्या वेबसाइटना लागू केलं. म्हणजे जे फोनवरच्या पानात नाही, ते गुगलच्या लेखी नसल्यात जमा.

तिसरा रस्ता ॲपचा. ॲपमधून सूचना थेट फोनवर पाठवता येतात, हा त्याचा मोठा फायदा. पण अँड्रॉइड आणि आयफोन अशी दोन ॲप सांभाळावी लागतात, दरवर्षी नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती करावी लागते. आणि वर्षातून चार वेळा लागणाऱ्या कामासाठी कमी स्टोरेजच्या फोनमध्ये ॲप ठेवायला विद्यार्थी तयार नसतो. निकाल पाहून झाला की ते काढून टाकलं जातं.

यातला मधला मार्ग म्हणजे 'प्रोग्रेसिव्ह वेब ॲप'. हा शब्द 2015 पासून रूढ झाला. असते ती वेबसाइटच, पण फोनच्या होम स्क्रीनवर तिचा आयकॉन ठेवता येतो आणि एकदा उघडलेली काही पानं ती फोनमध्ये साठवून ठेवते. नेटवर्क नसतानाही परीक्षेचं वेळापत्रक दिसतं. एसटीतून परीक्षा केंद्रावर निघालेल्या विद्यार्थ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

खरं काम पडद्यामागे

समजा, विद्यापीठाने सुंदर रिस्पॉन्सिव्ह साइट बनवून घेतली. पहिल्या पानावर 'परीक्षेचं वेळापत्रक' असं ठळक बटण आलं. त्यावर टेकवलं की काय उघडतं? चाळीस पानांची पीडीएफ. तीही कागदावर सही-शिक्का मारून स्कॅन केलेली.

इथेच बहुतेक प्रकल्प अडकतात. वेळापत्रक मुळात वर्डच्या फाइलमध्ये तयार होतं, त्याची प्रिंट निघते, सही होते, मग स्कॅन होऊन ते वेबसाइटवर चढतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो एक फोटो असतो. त्यातून 'बी.ए. दुसरं वर्ष, अर्थशास्त्र' एवढंच वेगळं काढून दाखवता येत नाही. शोधपट्टीत विषयाचं नाव टाकलं तरी सापडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनमधला स्क्रीन रीडर ते वाचूही शकत नाही.

उपाय तसा साधा आहे, पण त्यासाठी कार्यालयाची सवय बदलावी लागते. वेळापत्रक आधी तक्त्याच्या रूपात भरायचं: विषय, पेपर कोड, तारीख, वेळ. याच तक्त्यातून सहीसाठी कागद निघावा आणि याच तक्त्यातून वेबसाइटवरचं पानही तयार व्हावं. मग विद्यार्थ्याला पीआरएन किंवा विषय टाकून फक्त आपले पाच पेपर पाहता येतात.

त्याच्या जोडीला हवं एक नाव. कोणती माहिती कोण सांभाळणार? फोन नंबरांची यादी आस्थापना विभागाकडे, तारखा परीक्षा विभागाकडे, वसतिगृहाची माहिती रेक्टरकडे. प्रत्येक पानाला एक धनी आणि खाली 'शेवटचा बदल' कधी झाला ती तारीख. ही तारीख नसली की विद्यार्थी वेबसाइटवर विश्वास ठेवत नाही. तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर ठेवतो. खोट्या परिपत्रकांना जागा मिळते ती इथूनच.

नकाशाचंही तसंच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर 411 एकरांचा आहे. नाशिक किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातून एका कागदासाठी आलेल्या विद्यार्थ्याला अशा परिसरात नुसतं इमारतीचं नाव पुरत नाही. त्याला कळायला हवं की कोणत्या गेटने आत जायचं, कितवी खिडकी, ती किती वाजता बंद होते आणि सोबत काय आणायचं. हे घरातून निघण्याआधी फोनवर कळलं, तर एक फेरी वाचते.

मराठीची वेगळी गणितं

जुन्या परिपत्रकांत मराठी मजकूर अनेकदा युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये असतो. त्यात अक्षर दिसतं मराठी, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कीबोर्डवरचं चिन्ह. तो फाँट फोनमध्ये नसला की पानावर निरर्थक अक्षरं येतात. म्हणून पहिली अट, सगळा मजकूर युनिकोडमध्ये.

युनिकोड आलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक तयार अक्षर म्हणून, दुसरं 'अ' आणि वरचा अर्धचंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, कॉम्प्युटरला मात्र वेगळी. त्यामुळे वेबसाइटवर एका पद्धतीने लिहिलेलं 'ॲडमिशन' दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर सापडत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातल्या 'ऱ्या'चंही तसंच. ही रूपं सारखी मानण्याची सोय शोधयंत्रणेत मुद्दाम करावी लागते. लोक 'परीक्षा'ऐवजी 'परिक्षा' टाइप करतात, किंवा 'निकाल' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात. शुद्धलेखन शिकवणं हे शोधपट्टीचं काम नाही. तिने माणूस काय मागतो आहे ते ओळखायला हवं.

देवनागरीत वेलांट्या आणि रफार वर असतात, उकार खाली. इंग्रजीसाठी आखलेल्या दाट ओळींत ते एकमेकांवर आदळतात. बटणाची उंची कमी असेल तर उकार कापलाच जातो. मराठीसाठी ओळींत जास्त मोकळी जागा ठेवावी लागते. फाँट मात्र बहुतेक वेळा वेगळा डाउनलोड करायला लावण्याची गरज नसते. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये चांगला देवनागरी फाँट आधीच असतो. वेगळा हवाच असेल, तर मुंबईच्या 'एक टाइप'ने बनवलेल्या 'मुक्ता'सारखे मोफत पर्याय आहेत.

पानाचं वजन किती?

वेबसाइटचं पान फोनपर्यंत डेटाच्या रूपात येतं, त्यामुळे त्याला 'वजन' असतं. गुगलचं 'लाइटहाउस' हे तपासणीचं साधन मंद मोबाइल नेटवर्क गृहीत धरताना सेकंदाला 1.6 मेगाबिट वेग धरतं. या वेगाने 5 एमबीचं पान उतरायला 25 सेकंद लागतात. 400 केबीचं पान 2 सेकंदांत उतरतं. हा नुसता कागदावरचा हिशेब झाला. सर्व्हरपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ त्यावर आणखी.

ते 5 एमबी येतात कुठून? मुख्यतः सरकत्या फोटोंतून. कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा चढवला तर एकटाच तेवढा भरतो. गुणपत्रिकेचा तक्ता मात्र काही केबींतच मावतो. म्हणजे विद्यार्थ्याला हवं असतं ते सर्वात हलकं आणि त्याच्या वाटेत उभं असतं ते सर्वात जड.

गोंडवाना विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. 2011 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन जिल्हे. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. एवढ्या लांबून विद्यापीठात खेटा घालणं म्हणजे एक अख्खा दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च. जंगलपट्ट्यात नेटवर्क कमीजास्त होतं, तिथे पान हलकं असण्याला फारच महत्त्व येतं.

गुगलच्या निकषांनुसार पानातला मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसायला हवा आणि बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळायला हवा. तपासणी करताना विद्यापीठाच्या वायफायवर महागडा फोन धरून उपयोग नाही. साध्या फोनवर, मोबाइल डेटावर, शक्यतो कॅम्पसबाहेर जाऊन पाहायला हवं.

फॉर्म, पैसे आणि निकालाचा दिवस

माहिती दाखवणं तुलनेने सोपं असतं, खरी परीक्षा फॉर्मची. ओटीपीसाठी विद्यार्थी मेसेजमध्ये जातो, फीसाठी यूपीआय ॲपमध्ये जातो. कमी मेमरीचा फोन तेवढ्यात ब्राउझर बंद करतो. म्हणून भरलेली प्रत्येक ओळ लगेच जतन व्हायला हवी आणि परत आल्यावर फॉर्म तिथूनच सुरू व्हायला हवा.

'फोटो 50 केबीपेक्षा लहान हवा' ही अट तर सगळ्यांच्या परिचयाची. फोनचा कॅमेरा काही एमबींचा फोटो काढतो. तो लहान कसा करायचा हे माहीत नसल्याने मुलं नेट कॅफेत जातात. हे काम वेबसाइट स्वतः करू शकते.

सर्वात जास्त धास्ती असते ती पैसे कापले जाऊन पावती न आल्याची. अशा वेळी पुन्हा पैसे भरायचे की थांबायचं, हे पानावर स्पष्ट लिहिलेलं असावं. बँकेकडून उत्तर येईपर्यंत 'तुमचा व्यवहार तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका' एवढी एक ओळ आणि व्यवहाराचा क्रमांक दिसला, तरी विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो.

निकालाच्या दिवशीची कोंडी हा वेगळा विषय. वर्षभर रिकाम्या असलेल्या रस्त्यावर एका तासात जत्रा भरते. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सर्व्हर मुख्य डेटाबेस उघडून गुण शोधत बसला तर तो कोलमडणारच. यावर उपाय म्हणजे निकाल जाहीर करण्याआधीच प्रत्येकाचं पान तयार करून ठेवायचं आणि ते अनेक सर्व्हरवर वाटून द्यायचं. मग मागणी आली की फक्त तयार पान उचलून द्यायचं. लग्नात पंगत बसल्यावर पोळ्या लाटायला घेत नाहीत, तसंच हे.

हे करताना खाजगीपणाही जपावा लागतो. फक्त सीट नंबर टाकून कुणाचेही गुण दिसत असतील, तर ओळीने नंबर टाकून अख्ख्या वर्गाचे निकाल काढता येतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर संस्थांना याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

सगळ्यांना वापरता यावी म्हणून

भारतात सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांची पहिली आवृत्ती 2009 ची, तिसरी 2023 ची. अपंग व्यक्तींना वेबसाइट वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकषही आहेत. त्यातल्या काही गोष्टी अगदी मोजून सांगता येतात. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान 4.5 पट हवा. बटण किमान 24 पिक्सेल रुंद आणि उंच हवं. अँड्रॉइडसाठी गुगलची शिफारस तर 48 ची आहे. हे पाळलं तर कमी दिसणाऱ्यांची सोय होतेच, भर उन्हात एसटी स्टँडवर उभं राहून एका हाताने फोन वापरणाऱ्याचीही होते.

शेवटची पायरी चाचणीची. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वेबसाइटच्या वापरसुलभतेवर काम करणारे जेकब नील्सन यांनी 2000 मध्येच मांडलं होतं की पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. विद्यापीठासाठी हे पाच जण कोण असावेत? कॉम्प्युटर विभागातले हुशार विद्यार्थी नकोत. पहिल्या वर्षाला नुकताच आलेला एक, संलग्न कॉलेजातली एक विद्यार्थिनी, स्क्रीन रीडर वापरणारा एक, एक पालक आणि कॉलेजचा एक क्लार्क. त्यांना काम सांगायचं आणि गप्प बसून बघायचं. मदत करायची नाही. ते जिथे अडतील तिथे वेबसाइट चुकली.

यादीत संलग्न कॉलेज मुद्दाम आहे. एमआयटी किंवा स्टॅनफर्डचा विद्यार्थी कॅम्पसवरच शिकतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांचे विद्यार्थी मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांत विखुरलेले असतात. त्यातले अनेक जण विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसवर कधी पाऊलही ठेवत नाहीत. कळवण, अक्कलकुवा किंवा सिरोंच्यातल्या विद्यार्थ्यासाठी बस आणि कँटीनपेक्षा फॉर्म, फी, निकाल आणि प्रमाणपत्रं मोलाची असतात. म्हणून परदेशी विद्यापीठाच्या साइटची नक्कल केली तर ती छान दिसेल, पण आपल्या कामाची असेलच असं नाही.

तुमच्या विद्यापीठाची वेबसाइट कशी आहे?

हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि घड्याळ लावून चार गोष्टी शोधा. पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख. तुमच्या एका विषयाच्या पेपरचा दिवस. पुनर्मूल्यांकनाची फी. आणि अडचण आली तर फोन कुठे करायचा तो नंबर.

चारही गोष्टी दोन मिनिटांत, एकही पीडीएफ न उघडता मिळाल्या, तर तुमच्या विद्यापीठात कुणीतरी नीट काम केलं आहे. नाही मिळाल्या, तर कुठे अडलात त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि परीक्षा विभागाला किंवा विद्यार्थी विकास मंडळाला पाठवा. 'वेबसाइट खराब आहे' या तक्रारीचं कुणालाच काही करता येत नाही. 'फॉर्मची शेवटची तारीख सापडायला सहा मिनिटं लागली आणि ती अमुक पीडीएफच्या एकोणिसाव्या पानावर होती' याचं करता येतं.